बार, मावा, मिश्री आणि एमडी: दाताच्या खुर्चीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत दातांचा दवाखाना चालवते. पेशंट खुर्चीत बसतो, दिवा तोंडावर येतो आणि मी विचारते, "काही खाता का?" उत्तर ठरलेलं असतं: "नाही मॅडम, काहीच नाही." मग आरसा आत जातो आणि डाव्या गालात, खालच्या दाढेशेजारी, रुपयाएवढी जागा दिसते. पांढुरकी, चिंबलेली, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटासारखी सुरकुतलेली. तंबाखूचा बार कुठे धरतात ते तोंडच सांगून टाकतं. खोटं पकडल्याचा आनंद मला होत नाही. भूल देण्याआधी खरं कळायला हवं, एवढ्यासाठी विचारते. खालचे प्रश्न पेशंटनी, त्यांच्या घरच्यांनी आणि एकदा एका टपरीवाल्यानेही विचारलेले आहेत.

दाढ काढायला आलोय. मग दारूची, नशेची चौकशी कशाला?

सुन्न करायच्या इंजेक्शनात लिग्नोकेनबरोबर बहुतेक वेळा ॲड्रेनलिन असतं. नेहमीच्या बाटलीत ते १:८०,००० या प्रमाणात मिसळलेलं असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, भूल टिकते, रक्त कमी जातं. धडधाकट माणसाला त्याचा त्रास होत नाही. पण एमडी (मेफेड्रोन नावाची उत्तेजक नशा) किंवा कोकेन घेऊन आधीच नाडी पळत असेल, रक्तदाब चढला असेल, तर वरून गेलेलं ॲड्रेनलिन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. शेवटचं घेतल्याला निदान २४ तास झाल्याशिवाय मी असं इंजेक्शन देत नाही. दाढ एक दिवस थांबू शकते. गांजानेही नाडी वाढते, तेव्हा तोही सांगायचा.

यात एक नवी भर पडली आहे ती जिमची. मेफेंटरमाइन हे ऑपरेशनच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणायचं औषध. काही पोरं ते 'स्टॅमिना'साठी टोचून घेतात. त्यांच्या लेखी ही नशाच नव्हे, त्यामुळे "नशा करतोस का?" याला ती अगदी मनापासून "नाही" म्हणतात. म्हणून मी आता सरळ विचारते, "जिमला जातोस? तिथे काही टोचून घेतोस?"

दारूचं गणित वेगळं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं यकृत थकलेलं असतं आणि रक्त गोठवणारे घटक यकृतातच तयार होतात. अशा माणसाची दाढ काढली की संध्याकाळपर्यंत बोळा भिजत राहतो. आधी कळलं तर रक्ताची तपासणी करून घेता येते, गोळ्याही बदलता येतात. धीर यावा म्हणून "थोडी घेऊन" येणाऱ्यांना मी परत पाठवते. त्यांना राग येतो, येऊ दे.

खरं सांगितलं तर पोलिसांना कळवाल का? घरी सांगाल का?

नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं ही माझ्या व्यवसायाची अट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही कलम ६४ अ आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देण्याची सोय त्यात केलेली आहे. घरचं म्हणाल, तर सज्ञान माणसाच्या परवानगीशिवाय मी बाहेर बसलेल्या आईलाही सांगत नाही. काही आया यावरून माझ्याशी भांडल्या आहेत.

गुटखा केव्हाच सोडला. आता फक्त मावा खातो, तोही कधीतरी नुसती सुपारी. त्याने काय होतंय?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच आहे.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. पण सुपारी मिळायला टपरी होतीच. मावा कसा तयार होतो ते उभं राहून बघा: कातरलेली सुपारी, तंबाखू, ओला चुना, सगळं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायचं आणि फळीवर जोर लावून घासायचं. चुना सुपारीला लागून ती ओलसर, तांबूस होते. मग वर रबर लावायचं. चुन्यामुळे निकोटिन गालातून लवकर रक्तात उतरतं, म्हणूनच तो 'लागतो'. तोच चुना गालाची कातडी सोलतो.

आणि तंबाखू काढून टाकली तरी सुपारी उरतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. सुपारीतल्या अॅरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या थरात तंतू साठत जातात. गाल आधी पांढरट होतो, मग कडक. पेशंटची पहिली तक्रार दाताची नसतेच. "तिखट झोंबतंय" ही असते. सांगलीत राहून भडंगाचा बकाणा भरता येत नाही म्हटल्यावर माणूस हादरतो. पुढे तोंड उघडायचं कमी होतं. जीभ बाहेर येत नाही, शिट्टी वाजत नाही, वडापाव चेपून खावा लागतो. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात.

घरी एक करून बघा. आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी एकत्र धरून समोरच्या दातांमध्ये घाला. जात असतील तर बरं. दोनच जात असतील तर या आठवड्यात दाखवा. एकच जात असेल, तर दाढेचं रूट कॅनॉल करायलाही आमचं अवजार आत जाणार नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोरांची तोंडं मी अशी बघते. कॉलेजच्या गेटवर लागलेली सवय असते.

सुपारी बंद केली तर आजार पुढे सरकायचा वेग कमी होतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत एकावर एक रचून तोंड उघडायचा व्यायाम, गालात इंजेक्शनं, फार झालं तर ऑपरेशन, असे उपाय आहेत. पण कडक झालेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही. शिवाय तिथे कर्करोग होण्याचा धोका सुपारी सोडल्यावरही राहतो, म्हणून दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं.

आमच्या आजीने जन्मभर मिश्री लावली. तिचे दात शेवटपर्यंत टिकले. मग मिश्री वाईट कशी?

आजीचे दात टिकले असतील. तिच्या काळात चॉकलेटं, थंड पेयं, दिवसभर बिस्किटं नव्हती, हेही त्याचं कारण आहे. ते श्रेय मिश्रीला देऊ नका.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून केलेली पूड. दंतमंजन नव्हे. कृष्णाकाठी तंबाखू पिकते, निपाणीची बाजारपेठ शेजारी. इथल्या घरात तंबाखू कधी परकी नव्हतीच. चुलीजवळच्या कोनाड्यात, आता गॅसच्या ओट्यामागे, मिश्रीचा डबा अजून सापडतो. पहाटे एकदा लावायची, मग जेवणानंतर, मग पाटीभर खुरपून आल्यावर, मग झोपताना. बाई म्हणते "दात घासते", पण दिवसातून चारदा अर्धा-अर्धा तास दात कोण घासतं? तलफ आली की बोट डब्यात जातं. बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजत नाहीत आणि डॉक्टरही त्यांना विचारत नाहीत. मीही पहिली काही वर्षं विचारत नव्हते.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. धूर न काढता तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आणि विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखू मुख्यतः तोंडात धरायची चीज आहे.

तंबाखू घातलेली टूथपेस्ट आणि दंतमंजन विकायला देशात १९९२ पासूनच बंदी आहे. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कायदा कुठे गाठणार? तोंडात दिसतं ते असं: बोट फिरतं तिथे हिरडी खाली सरकलेली, दाताची मुळं उघडी, त्यांना खाचा. गार पाणी लागलं की कळ. आजी मग म्हणतात, "मिश्री लावली की कळ थांबते." थांबते, कारण थोडा वेळ जागा बधिर होते आणि तलफही भागते. पोटुशा सुनेलाही सासू मिश्री देते, हे मला जास्त टोचतं. निकोटिन बाळापर्यंत जातं, वजन कमी भरतं.

एकदम सोडवत नसेल तर आधी झोपतानाची मिश्री बंद करा. रात्रभर तोंडात राहणारी तीच.

गालावर पांढरा चट्टा आहे, पण दुखत नाही. कशाला दाखवू?

दुखत नाही म्हणूनच दाखवा. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. दुखतं ते दातांनी चावल्यावर झालेलं साधं तोंड येणं, आणि ते आठ-दहा दिवसांत भरतं. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, घासून न जाणारा पांढरा डाग, लाल मखमली चट्टा, कारण नसताना हलायला लागलेला दात, जबड्याखाली लागलेली टणक गाठ. यातलं काहीही असलं तर थांबू नका. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा वाईट.

तुकडा काढून तपासला की कॅन्सर पसरतो म्हणतात?

म्हणतात, आणि त्या 'म्हणतात'पायी लोक सहा-सहा महिने झाडपाला लावत बसतात. पसरतो तो त्या सहा महिन्यांत. भूल देऊन दाण्याएवढा तुकडा काढायचा, टाका घालायचा, काही दिवसांत अहवाल येतो. लवकर सापडलेल्या तोंडाच्या कर्करोगात बहुतेक माणसं पाच वर्षांपुढे जगतात. मानेतल्या गाठींपर्यंत गेल्यावर ते प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरतं.

मी तंबाखू खात नाही, फक्त पितो.

दारूही तोंडाच्या कर्करोगाचं स्वतंत्र कारण आहे. दोन्ही एकत्र असतील तर धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

दाढ काढल्यावर बार कधी भरता येईल?

हा प्रश्न दाराशी जाऊन, मागे वळून विचारला जातो. निदान तीन दिवस अजिबात नाही. खरं तर जखम भरेपर्यंत नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, ती जखमेवरची खपली समजा. विडी ओढताना झुरका लागतो, तंबाखू थुंकताना जोर लागतो, आणि निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो. गुठळी निसटली की हाड उघडं पडतं. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारी ठणक सुरू होते. ज्यांना ती झाली ते दाढ दुखत होती तेच बरं होतं म्हणतात.

दाढ ठणकताना तंबाखूची चिमूट किंवा दारूचा बोळा धरला तर?

कातडी भाजते. दुखणाऱ्या दाताशेजारी गोळी दाबून ठेवणाऱ्यांचीही तीच गत. दुसऱ्या दिवशी दात दुखतो तो दुखतोच, शिवाय गाल पांढरा पडून सोलतो.

मुलगा एमडी घेतो असा संशय आहे. दातांवरून सांगता येईल का?

हा प्रश्न पाच-सहा वर्षांपूर्वी मला कुणी विचारला नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सांगलीशेजारच्या कुपवाडमधून एमडीचा मोठा साठा पकडला, जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्व्याच्या एमआयडीसीत कारखानाच सापडला, आणि मग आया विचारायला लागल्या.  एमडी हे मुंबई-पुण्याचं काहीतरी, असं आपण समजत होतो.

उत्तर असं: संशय घेता येतो, सिद्ध करता येत नाही. उत्तेजक नशेत तोंड कोरडं पडतं. लाळ हे दातांचं रोजचं पाणी. ते आटलं की कीड वेगाने पसरते. घशाला कोरड म्हणून गोड थंड पेयं बाटलीच्या बाटली जातात. जबडा आवळला जातो, दात करकरतात, रात्र-रात्र जागरण होतं, ब्रश आठवत नाही. मग पुढच्या दातांवर हिरडीलगत, जिथे एरवी कीड कमी लागते, तिथे तपकिरी खाचा दिसतात. दाढांचे उंचवटे घासून सपाट झालेले असतात आणि सकाळी कानाजवळ जबडा दुखतो.

पण पित्ताचा जुना त्रास, मानसिक आजाराच्या काही गोळ्या, लाळग्रंथींचे आजार, नुसता परीक्षेचा ताण यांतही यातलं बरंच दिसतं. म्हणून दात बघून मी पोरावर शिक्का मारत नाही. त्याला एकट्याला आत बोलावते आणि सांगते, "तोंड फार कोरडं पडलंय तुझं. कशाने, ते तुला माहीत असेल. मला सांगितलंस तर इंजेक्शन नीट देता येईल." काही जण सांगतात. एक जण तेव्हा काहीच बोलला नाही आणि आठवड्याने एकटाच परत आला.

दुखणं फार आहे, एकदम स्ट्राँग गोळी लिहून द्या ना.

दाताच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतलं तर बहुतेकदा अफूवर्गातल्या गोळीइतका, कित्येकदा जास्त आराम पडतो. अल्सर, किडनीचा आजार, दमा, गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन टाळतो. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आलं आहे. चिठ्ठीशिवाय ते देणारं दुकान तुमच्यावर उपकार करत नाही.

व्यसन सोडलेल्या माणसाने तर हे आधीच सांगायला हवं. दाढेच्या निमित्ताने मिळालेली दहा गोळ्यांची पट्टी जुनी वाट पुन्हा उघडते. उलटही घडतं: नशेत असताना न जाणवलेली किडकी दाढ नशा उतरल्यावर ठणकायला लागते आणि माणूस पुन्हा तिकडे वळतो. व्यसनमुक्ती केंद्रात भरती झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात दात तपासावेत असं माझं म्हणणं आहे. एका केंद्राला मी हे कळवलं होतं. "दातांचं नंतर बघू" असं उत्तर आलं.

अफूचं व्यसन सुटावं म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी चालू आहे. त्याने दात खराब होतात असं ऐकलं, बंद करू का?

बंद करू नका. ती ब्युप्रेनॉर्फिनची गोळी असते. ती तोंडात विरघळते, आम्लधर्मी असते, आणि तिच्यामुळे दात किडल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये इशारा दिला. पण गोळी चालू ठेवा, असंही त्याच इशाऱ्यात सांगितलं आहे. गोळी पूर्ण विरघळली की पाण्याने हलकी चूळ भरून गिळायची, आणि लगेच ब्रश करायचा नाही. तासभर थांबायचं. दातांवर फ्लोराइड लावून घ्यायचं.

पूर्वी सुई टोचून घ्यायचो. एचआयव्ही, कावीळ आहे. दात काढून द्याल?

देऊ. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि निर्जंतुक केलेली अवजारं, हातमोजे, मास्क आम्ही सगळ्यांसाठीच वापरतो. एक मात्र लपवू नका: सुईच्या नशेतून हृदयाच्या झडपांना कधी जंतुसंसर्ग झाला होता का? झाला असेल तर दाढ काढण्याआधी प्रतिजैविक द्यावं लागतं.

तंबाखू सोडली आणि तोंडच आलं. पोटही साफ होत नाही. परत सुरू करू?

हमखास होणारी गोष्ट आहे. सोडल्यावर काही दिवस तोंडात फोड येतात, पोट अडतं, चिडचिड होते, झोप उडते. तलफेचा सगळ्यात जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मग तीन-चार आठवड्यांत उतार. पोटासाठी सकाळी कोमट पाणी, भाकरी, पालेभाजी; आतड्याला निकोटिनची सवय लागलेली असते, ती मोडायला थोडा वेळ द्या.

निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल एक तक्रार कायम येते, "काही उपयोग झाला नाही." विचारलं तर कळतं, बबलगमसारखं कचाकचा चावलं होतं. ते हळू चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं. अर्धा तास. त्याआधी पाव तास चहा-कॉफी नको. उठल्याउठल्या अर्ध्या तासात बार लागत असेल तर ताकदीचा गम लागतो, तो डॉक्टरला विचारून घ्या.

कुठे जायचं, खर्च किती?

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे, इतर नशेसाठी १४४४६. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयात तपासणी खासगीपेक्षा खूप स्वस्त पडते. तिथे तंबाखूमुक्तीचा समुपदेशक कुठे बसतो ते विचारा, कारण पाटी सहसा दिसत नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढलं, तेव्हापासून सीमाभागातली माणसं उपचाराला मिरजेची गाडी धरतात. आज तिथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कर्करोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

शाळेजवळच्या टपरीचं काय करायचं?

शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. मुलांना तंबाखू किंवा नशेची वस्तू देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुख्याध्यापकांच्या लेखी अर्जाची पोच घ्या. तोंडी तक्रारीवर टपरी फक्त कोपऱ्यापर्यंत सरकते.

तपासणीला येताना तोंडातला बार थुंकून यायचं ना?

हो, आणि दवाखान्याच्या जिन्याच्या कोपऱ्यात नको. बेसिनला चूळ भरा. पण खुर्चीत बसल्यावर तो कुठल्या गालात होता ते सांगा, आरसा आधी तिथेच लावते.